इंजेक्शन संपलं, आता काय?

मित्रांनो, दुकानात गेलात आणि तुमच्या आवडीच्या कंपनीची वही संपलेली असली, तर तुम्ही काय करता? शेजारची दुसरी उचलता आणि घरी येता. वहीचं ठीक आहे. पानं कोरी असली आणि रेघा सरळ असल्या की काम भागतं. पण एखाद्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं, "अरे, हे इंजेक्शन सध्या येतच नाही," तर? तेव्हाही "हे नाही तर ते द्या" असं म्हणता येईल का?

कधी म्हणता येतं, कधी अजिबात नाही. आणि म्हणता आलं, तरी त्या 'ते'च्या काही अटी असतात. आज आपण अशाच एका इंजेक्शनची माहिती घेऊ या. त्याचं नाव बेंझाथिन पेनिसिलिन. ते सत्तर वर्षांहून जुनं आहे, स्वस्त आहे आणि तुमच्याच वयाच्या मुलामुलींची हृदयं सांभाळतं. तरीही गेल्या दहा-बारा वर्षांत जगातल्या कितीतरी देशांत ते पुन्हा पुन्हा मिळेनासं झालं. असं का होतं? आणि झालं तर डॉक्टर काय करतात?

घसा दुखतो आणि हृदय बिघडतं

घसा कुणाचा दुखत नाही? पावसात भिजलं, गारवा लागला की घरोघरी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू होतात. बहुतेक वेळा या घसादुखीमागे विषाणू असतात आणि ती चार-सहा दिवसांत आपली आपण बरी होते. पण काही वेळा घशात 'स्ट्रेप्टोकॉकस' जातीचे जीवाणू बसलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर ते मण्यांच्या माळेसारखे दिसतात. दिसायला सुंदर, पण करणी भलतीच!

त्यांच्याशी लढायला आपलं शरीर एक प्रकारचं सैन्य तयार करतं. गंमत अशी (खरं तर गंमत नाहीच), की या जीवाणूंच्या अंगावरचे काही पदार्थ आपल्या हृदयातल्या आणि सांध्यांतल्या पदार्थांसारखेच असतात. त्यामुळे काही मुलांच्या शरीरातलं हे सैन्य फसतं आणि जीवाणूंबरोबर आपल्याच हृदयावर चालून जातं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसलाच हा प्रकार! घसा बरा होऊन दोन-तीन आठवडे झालेले असतात, घरचे ते दुखणं विसरूनही गेलेले असतात, आणि मग ताप येतो. आज गुडघा सुजतो, दोन दिवसांनी तो उतरून घोटा सुजतो, मग कोपर. या दुखण्याला 'ऱ्हुमॅटिक फीव्हर' म्हणतात. पाच ते पंधरा या वयातल्या मुलांना ते जास्त करून होतं.

डॉक्टर मंडळींत एक जुनी म्हण आहे. हा आजार सांध्यांना नुसता चाटतो, पण हृदयाला चावतो. सुजलेले सांधे काही दिवसांत पूर्ण बरे होतात. हृदयाचं तसं नाही. आपल्या हृदयात चार झडपा असतात. झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. रक्त पुढे जाऊ द्यायचं आणि मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. या आजारात झडप सुजते, मग जाड आणि ताठर होते. दार नीट लागलं नाही तर रक्त मागे गळतं. नीट उघडलं नाही तर तुंबतं. मग हृदयाला दुप्पट कष्ट पडतात. मुलाला धावताना, जिना चढताना दम लागतो. पुढे कधी कधी शस्त्रक्रिया करून झडप बदलावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे साडेपाच कोटी लोकांना अशा बिघडलेल्या झडपांचा आजार आहे आणि दरवर्षी सुमारे ३ लाख ६० हजार लोक त्यानं दगावतात. यातले बहुतेक जण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले आहेत. आपला भारतही त्यात आला. लहान खोली, राहणारी माणसं जास्त, खेळती हवा कमी, दवाखाना लांब, अशा ठिकाणी एकाचा घसा दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट पुढेच आहे. एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला पुन्हा तसलाच घसा झाला, तर ताप उलटण्याची भीती फार मोठी असते. आणि ताप जितक्या वेळा उलटेल, तितकी झडप आणखी खराब होते. म्हणून अशा मुलाला पुन्हा स्ट्रेप्टोकॉकसची लागण होऊच द्यायची नाही, हा खरा उपाय. इथेच आपलं इंजेक्शन कामाला येतं.

खडीसाखर आणि पिठीसाखर

साधं पेनिसिलिन टोचलं, तर ते रक्तात भराभर पसरतं आणि काही तासांत लघवीवाटे निघूनही जातं. बेंझाथिन पेनिसिलिन मात्र पाण्यात अगदी थोडं थोडं विरघळतं. पिठीसाखर जिभेवर ठेवली की लगेच विरघळते, पण खडीसाखरेचा खडा गालात धरला तर कितीतरी वेळ पुरतो. तसंच हे! मोठ्या स्नायूत, बहुधा कमरेखाली, ते टोचतात. तिथे त्याचा साठा होतो आणि त्यातून पेनिसिलिन तीन-चार आठवडे थेंबाथेंबानं रक्तात उतरत राहतं.

रक्तातलं हे प्रमाण फारच थोडं असतं. पण या जातीच्या स्ट्रेप्टोकॉकसला तेवढं पुरतं. इतर कितीतरी जीवाणू गेल्या ऐंशी वर्षांत औषधांना चकवायला शिकले, पण हा जीवाणू आजही पेनिसिलिनपुढे मान टाकतो. या बाबतीत तो अभ्यासात कच्चाच राहिला म्हणायचा!

इंजेक्शन दुखतं बरं का. पांढरं, दाट, दुधासारखं औषध जाड सुईनं टोचायचं म्हणजे दुखणारच. आणि ते एकदा घेऊन भागत नाही. दर तीन ते चार आठवड्यांनी, निदान पाच वर्षं घ्यावं लागतं. हृदयाला इजा झाली असेल तर दहा वर्षं किंवा जास्त. काहींना तर चाळिशीपर्यंत, कधी जन्मभर!

एवढं सोसून उपयोग होतो का? होतो. युगांडा या आफ्रिकेतल्या देशात ५ ते १७ वर्षांच्या मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. या मुलांच्या झडपांमध्ये नुकती कुठे बिघाडाची सुरुवात झाली होती. निम्म्या मुलांना दर चार आठवड्यांनी हे इंजेक्शन दिलं, निम्म्यांना नाही. दोन वर्षांनी तपासलं, तेव्हा इंजेक्शन न घेतलेल्या ४०० मुलांपैकी ३३ जणांचा आजार वाढला होता. इंजेक्शन घेतलेल्या ३९९ मुलांपैकी किती जणांचा? फक्त ३! ही माहिती २०२२ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आता सांगा, अशा मुलांचं इंजेक्शन महिना-दोन महिने चुकणं परवडेल का?

माल येत नाही!

आणि नेमकं तेच झालं. २०१४ ते २०१६ या काळात जगभर या इंजेक्शनचा तुटवडा पडला. ९५ देशांची माहिती गोळा केली, तेव्हा त्यांतल्या ३९ देशांनी 'आमच्याकडे टंचाई आहे' असं कळवलं. ब्राझीलमध्ये साठा इतका आटला, की उरलेलं इंजेक्शन आधी गर्भवती स्त्रियांसाठी राखून ठेवा अशी सूचना तिथल्या आरोग्य खात्याला काढावी लागली. मे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य सभेत सगळ्या देशांनी या टंचाईची नोंद घेतली.

तुम्हाला वाटेल, हे गरीब देशांचं दुखणं असणार. पण २०२३ मध्ये अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही हीच पाळी आली. तिथे हे इंजेक्शन एकच कंपनी पुरवत होती आणि अचानक मागणी वाढली. एक तर तिथे सिफिलिस नावाचा रोग वाढला होता, आणि त्याच्यावरचं मुख्य औषध हेच. शिवाय आधीच्या हिवाळ्यात मुलांना देतात त्या ॲमॉक्सिसिलिनचा तुटवडा पडला होता, म्हणून घशासाठीही डॉक्टर हेच इंजेक्शन देऊ लागले. पाहिलंत? एक औषध संपलं की त्याचा भार दुसऱ्यावर पडतो आणि मग तेही संपतं. शेवटी २०२४ मध्ये अमेरिकेला फ्रान्स आणि पोर्तुगालमधून इंजेक्शनं मागवायला परवानगी द्यावी लागली.

मग पर्याय कोणते?

इंजेक्शन मिळेना, म्हणून मुलांना वाऱ्यावर सोडता येत नाही. डॉक्टरांकडे पर्याय आहेत. ते एकेक करून पाहू.

पहिला पर्याय पेनिसिलिनच्या गोळ्यांचा. पोटातल्या आम्लात न बिघडणारं पेनिसिलिन-व्ही गोळीच्या रूपात मिळतं. टोचणं नाही, दुखणं नाही. वा, छान! मग सगळ्यांना गोळ्याच का देत नाहीत? जरा हिशेब करा. गोळी दिवसातून दोनदा घ्यायची असते. वर्षाच्या झाल्या ७३० गोळ्या. इंजेक्शनं मात्र वर्षाला १३ ते १७. दहा वर्षांचा हिशेब केला तर ७,३०० गोळ्या! त्याही अंगात ताप नसताना, काही दुखत नसताना. परीक्षा असो, मामाच्या गावाला जायचं असो, लग्नघर असो, गोळी चुकवायची नाही. दोन दिवस विसरलं तर रक्तातलं औषध संपतं आणि घशाचं दार जीवाणूंना उघडं मिळतं.

दुसरा पर्याय सल्फाडायझिन या गोळीचा. सल्फाची औषधं पेनिसिलिनच्याही आधीची. १९३० नंतरच्या त्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ऱ्हुमॅटिक ताप उलटू नये म्हणून मुलांना सल्फाच देऊ लागले होते. ही गोळी दिवसातून एकदाच घ्यायची. पण तिची एक मेख आहे. जीवाणू घशात ठाण मांडायला येत असेल तर सल्फा त्याला अडवते. एकदा तो आत शिरून बसला, की त्याला हुसकावून लावणं तिला जमत नाही. म्हणजे ती चांगली राखणदार, पण लढवय्यी नव्हे. म्हणून सल्फा चालू असताना घसा धरला, तर तो बरा करायला वेगळं औषध लागतं.

तिसरा पर्याय एरिथ्रोमायसिन किंवा अझिथ्रोमायसिन या औषधांचा. ज्यांना पेनिसिलिनही सोसत नाही आणि सल्फाही, त्यांच्यासाठी डॉक्टर हा पर्याय राखून ठेवतात. पेनिसिलिनच्या बाबतीत कच्चा राहिलेला आपला जीवाणू या औषधांच्या बाबतीत मात्र हुशार झाला आहे. बऱ्याच ठिकाणी तो त्यांना दाद देत नाही.

या पर्यायांत डावं-उजवं कसं ठरवायचं? अमेरिकेत १९५०-६० च्या काळात चारशेहून जास्त मुलामुलींवर पाच वर्षं एक अभ्यास झाला. काहींना दर चार आठवड्यांनी इंजेक्शन, काहींना रोज पेनिसिलिनची गोळी आणि काहींना सल्फाडायझिन. १९६४ साली त्याचा निकाल छापला गेला. शंभर मुलांवर एक वर्षभर लक्ष ठेवलं, तर पेनिसिलिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत साधारण पाच-सहा वेळा ताप उलटला. सल्फा घेणाऱ्यांत साधारण तीन वेळा. आणि इंजेक्शन घेणाऱ्यांत? दोनशे मुलांत जेमतेम एकदा!

म्हणजे गोळ्या निरुपयोगी आहेत का? मुळीच नाही. काहीच न घेण्यापेक्षा त्या कितीतरी बऱ्या. पण त्या इंजेक्शनच्या तोडीच्या नाहीत, हे लक्षात ठेवून घ्यायच्या. इंजेक्शन एकदा टोचलं की पुढचे तीन-चार आठवडे आठवण ठेवायचं काम ते औषधच करतं. गोळ्या सुरू झाल्या की ते काम मुलाच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या अंगावर येतं. औषध बदलतं तेव्हा नुसती बाटली बदलत नाही, कामाची वाटणीच बदलते!

नाव सारखं, काम वेगळं

इथे एक धोक्याची सूचना. दुकानात 'पेनिसिलिन' नावाची आणखीही इंजेक्शनं असतात. एक काही तासांत संपणारं साधं पेनिसिलिन, दुसरं साधारण दिवसभर पुरणारं प्रोकेन पेनिसिलिन. नावं भावाभावांसारखी, पण महिनाभर पुरण्याचा गुण बेंझाथिनचाच. "ते नव्हतं, पण पेनिसिलिनच दिलंय," असं ऐकून समाधान मानून चालत नाही. म्हणून चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहिलेलं असतं आणि ते पूर्ण वाचायचं असतं. अदलाबदल करायची झाली तर ती डॉक्टर करतील, दुकानदार नव्हे आणि आपण तर नव्हेच.

आणि काही जणांसाठी पर्यायच नसतो. आईला सिफिलिस असेल, तर तो पोटातल्या बाळालाही होऊ शकतो. बाळ दगावतं किंवा आजारी जन्मतं. इतर मोठ्या माणसांना सिफिलिससाठी डॉक्सिसायक्लिन या गोळ्या देता येतात, पण गर्भवती स्त्रीला त्या देत नाहीत. तिच्यासाठी आणि बाळासाठी खात्रीचं औषध एकच, पेनिसिलिन. ते इतकं मोलाचं, की तिला पेनिसिलिनची ॲलर्जी असली तर डॉक्टर तिला रुग्णालयात ठेवून, अगदी सूक्ष्म मात्रेपासून हळूहळू वाढवत त्याची सवय करून देतात, आणि मग तेच देतात!

म्हणून टंचाईच्या काळात एक नियम पाळतात. ज्याला दुसरं काही चालतच नाही, त्याला आधी. ज्याला पर्याय आहे, त्यानं माल येईपर्यंत पर्यायावर राहायचं. २०१५ च्या सुमाराला ब्राझीलनं हेच केलं, २०२३ मध्ये अमेरिकेनंही हेच केलं.

टंचाई अगदी पहिल्या दिवसापासून

तसं पाहिलं तर पेनिसिलिनची गोष्टच टंचाईनं सुरू होते. १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंगना एका बुरशीत जीवाणू मारणारा पदार्थ सापडला, हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. पण तो पदार्थ शुद्ध करून माणसाला देण्याइतका तयार करणं जमायला आणखी बारा-तेरा वर्षं गेली. ते काम केलं ऑक्सफर्डच्या हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी. दुसरं महायुद्ध चाललेलं, सामान मिळायची मारामार. मग रुग्णाला अंथरुणातच लघवीसाठी देतात ना, त्या भांड्यासारखी चपटी मातीची भांडी बनवून घेऊन त्यांत त्यांनी बुरशी वाढवली!

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायाला हे औषध टोचलं. त्याच्या चेहऱ्यावरची जखम चिघळून जंतू अंगभर पसरले होते, एक डोळाही काढावा लागला होता. औषध देताच दुसऱ्या दिवसापासून त्याला उतार पडू लागला. ताप गेला, जेवण जाऊ लागलं. पण औषध होतंच किती? संपत आलं. मग त्याची लघवी गोळा करून प्रयोगशाळेत न्यायची, तिच्यातून पेनिसिलिन वेगळं काढायचं आणि तेच पुन्हा टोचायचं, असं सुरू झालं. तरी पाचेक दिवसांत सगळं संपलं. जंतूंनी पुन्हा उचल खाल्ली आणि १५ मार्चला तो बिचारा गेला.

त्यानंतर या मंडळींनी काय केलं असेल? त्यांनी रुग्ण म्हणून जास्त करून लहान मुलं निवडली. का? मुलांना मात्रा कमी लागते, म्हणून थोड्या औषधात उपचार पुरे होतात! पुढे अमेरिकेत मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवायची युक्ती साधली, पेनिसिलिन स्वस्त झालं, आणि १९४५ मध्ये फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना नोबेल पारितोषिक मिळालं. हळूहळू विरघळणारं बेंझाथिन पेनिसिलिन आलं १९५० नंतर.

पिंपरीची एच. ए.

आपल्या देशात पेनिसिलिन तेव्हा बाहेरून यायचं. ते इथेच तयार व्हावं म्हणून सरकारनं १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला 'हिंदुस्थान ॲंटिबायोटिक्स' ही कंपनी काढली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मदत केली. १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागलं. सरकारी मालकीचा हा देशातला पहिला औषध कारखाना. पुणेकर आणि पिंपरी-चिंचवडकर त्याला नुसतं 'एच. ए.' म्हणतात. आज कारखान्यांनी गजबजलेल्या पिंपरीत त्या वेळी हा कारखाना आला, तेव्हा आजूबाजूला बरीचशी शेतीच होती.

पुढे देशात आणखीही कारखाने पेनिसिलिन करू लागले. पण साधारण १९९० नंतर चीनमधून फार स्वस्त माल येऊ लागला. बुरशीच्या टाक्या चालवायला वीज लागते, साखर लागते, सतत देखरेख लागते. त्या भावात इथल्यांना ते परवडेना. एकेक कारखाना बंद पडला आणि पेनिसिलिनच्या कच्च्या मालासाठी आपण पुन्हा बाहेरच्यांच्या तोंडाकडे पाहू लागलो.

इतकं स्वस्त, की कुणी बनवेना!

आता टंचाईचं कारण तुमच्या लक्षात येऊ लागलं असेल. जुनं औषध, त्यावर कुणाचा एकट्याचा हक्क नाही, म्हणून किंमत कमी. किंमत कमी म्हणून नफा कमी. त्यातून हे टोचायचं औषध. ते जंतूविरहित कारखान्यात वेगळ्या यंत्रांवरच करावं लागतं. पेनिसिलिनचा कण दुसऱ्या औषधात गेला तर ॲलर्जी असलेल्या माणसाला अपाय होईल, म्हणून त्याची इमारतही वेगळी ठेवतात. खर्च मोठा, मिळकत थोडी. मग कंपन्या म्हणतात, नकोच ती कटकट!

असं होता होता, त्या मोठ्या टंचाईच्या वेळी साऱ्या जगाला लागणारा याचा कच्चा माल बनवणारे कारखाने उरले होते अवघे तीन-चार, तेही बहुतेक चीनमध्ये. त्यांतल्या एकाच्या मालात दोष सापडून काम थांबलं, की हजारो किलोमीटर दूरच्या एखाद्या मुलीचं महिन्याचं इंजेक्शन चुकतं. तिचा त्यात काय दोष?

आणखी एक कारण भीतीचं. पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी क्वचितच होते, पण होते तेव्हा ती जिवावर बेतू शकते. म्हणून काही दवाखाने हे इंजेक्शन द्यायलाच कचरतात. मग मागणी घटते, दुकानदार माल ठेवत नाही, आणि गरजवंताला तो मिळत नाही.

यावर उपाय चालू आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये औषधांचे दर ठरवणाऱ्या सरकारी प्राधिकरणानं आठ जुन्या औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवू दिल्या. त्यांत साध्या पेनिसिलिनचं एक इंजेक्शनही होतं. किमती वाढवल्या, हे ऐकून आधी राग येतो ना? पण हेतू असा, की कंपन्यांनी तोटा होतो म्हणून ही औषधं करणं सोडू नये. फार महाग औषध गरिबाला मिळत नाही आणि फार स्वस्त औषध कुणी बनवत नाही. या दोहोंच्या मधली वाट काढायची असते.

दुसरा उपाय म्हणजे देशात पुन्हा उत्पादन. २०२० मध्ये सरकारनं औषधांचा कच्चा माल इथे करणाऱ्यांना मदत देणारी योजना काढली आणि २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ पेनिसिलिन-जीचा मोठा कारखाना सुरू झाला. त्यातला बराच माल ॲमॉक्सिसिलिनसारख्या औषधांसाठी लागतो. बेंझाथिन इंजेक्शनासाठी पुढची वेगळी यंत्रं लागतातच. पण जिथून सगळं सुरू होतं तो पेनिसिलिनचा पहिला टप्पा पुन्हा आपल्याकडे आला, हेही थोडं नाही.

आपण काय करायचं?

मोठमोठ्या कारखान्यांच्या या गोष्टीत आपल्यासारख्यांना काय करता येणार, असं म्हणू नका. पुष्कळ आहे.

घसा खूप दुखतोय, ताप आहे, गिळताना त्रास होतोय, गळ्याजवळ गाठी आल्यात, तर घरी सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यांनी गोळ्या दहा दिवस दिल्या असतील तर दहाही दिवस घ्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या कपाटात टाकू नका. उलट, डॉक्टर म्हणाले की हा साधा विषाणूचा घसा आहे, तर "काहीतरी जोरदार द्या" असा हट्ट धरू नका. नको तिथे वापरलेलं औषध गरज असेल तिथे कमी पडतं.

घसा बरा झाल्यावर काही आठवड्यांनी सांधे सुजले, ताप आला किंवा दम लागू लागला, तर "वाढत्या वयाचं दुखणं" म्हणून सोडून देऊ नका. मागे घसा दुखला होता, हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

आणि तुमच्यापैकी कुणाला हे इंजेक्शन चालू असेल, तर पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेननं लिहून ठेवा. तारखेच्या आठवडाभर आधी दवाखान्यात विचारा, "इंजेक्शन आहे ना?" नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. तारीख उलटून जाईपर्यंत वाट पाहू नका. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर सकाळी दात घासल्यावर एक आणि रात्रीच्या जेवणानंतर एक, अशी एखाद्या रोजच्या कामाशी तिची गाठ घाला. कॅलेंडरवर रोज दोन टिंबं करा. टिंब राहिलं की विसरलो, हे लगेच कळतं. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी नव्या आणा. आणि इंजेक्शन पुन्हा आलं का, हे दर खेपेला विचारत राहा. गोळ्या ही सोय आहे, कायमची बदली नव्हे.

वर्गातलं एखादं मूल महिन्यातून एक दिवस लंगडत येत असेल किंवा इंजेक्शनासाठी शाळा बुडवत असेल, तर त्याला चिडवू नका. त्या दिवशीचा गृहपाठ त्याला द्या. बाकावर बसायला दुखत असेल, तर जरा सरकून जागा करा.

काय, एवढं जमेल ना?